चष्मेवाल्या काकांची कवळी

आमच्या डॉक्टरबाईंबद्दल लोक काय वाटेल ते बोलतात. कुणी म्हणतं शिष्ट आहेत, कुणी म्हणतं माणूसघाण्या आहेत. एक बाई तर मला विचारत होती, "तुमच्या डॉक्टरांना हसता येतं का हो?" मी म्हटलं, "येतं. पण तुमची दाढ काढताना त्या हसल्या असत्या तर तुम्हाला चाललं असतं का?" मी त्यांच्याकडे मदतनीस म्हणून लागले तेव्हा माझे केस काळेभोर होते, आता मेंदी लावून लावून कंटाळा आलाय. इतकी वर्षं बाईंच्या डाव्या हाताला उभी आहे मी. त्यामुळे त्यांच्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तसा मला राग यायला फार वेळ लागत नाही, हे आमच्या घरचेही सांगतील.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेर दोन बाकं आणि औषधाच्या कंपनीने फुकट दिलेलं घड्याळ. आत खुर्ची, दिवा, आणि सामान उकळायचं यंत्र. मधलं दार कधीच पूर्ण लागत नाही. कुणाच्या तरी जबड्याचा जुना प्लास्टरचा साचा आम्ही त्याच्या फटीत सारून ठेवलाय. बाहेरच्या पेशंटला आतलं दिसत नाही, पण ऐकू येतं. हा बाईंचा पहिला नियम. दुसरा नियम असा की मी खोलीत असल्याशिवाय कुणाच्या तोंडाला हात लावायचा नाही. मला शिंक आली तरी बाहेर जायची चोरी. तिसरा नियम, स्वतःचा नंबर कुणाला द्यायचा नाही. आणि चौथा मला सुरुवातीला फार खटकायचा. नवीन दात बसवले, माणूस आरशात बघून खूश झाला, तरी "छान दिसता हो" असं त्या कधी म्हणत नाहीत. "दात बसले," एवढंच म्हणतात. मी एकदा म्हटलं, "अहो, बोललात गोड तर काय जीभ झिजेल का?" तर म्हणाल्या, "ताई, माणूस आडवा पडलेला असतो, तोंड उघडं असतं, घाबरलेला असतो. माझा चेहरा त्याच्यापासून वीतभर लांब. अशा वेळी बोललेलं साधं वाक्यही मोठं होऊन घरी जातं."

त्याचं कारण मला पुढे कळलं. शिकून बाहेर पडल्यावर बाई एका मोठ्या दवाखान्यात नोकरीला होत्या. वय कोवळं, स्वभाव मोकळा. एक पेशंट विनोद करायचा आणि या आपल्या हसायच्या. पेशंटला बरं वाटावं म्हणून हसायच्या, दुसरं काही नाही. मग तो बसस्टॉपवर उभा राहायला लागला. मग घराखाली. मोठ्या डॉक्टरांकडे तक्रार केली तर ते काय म्हणाले असतील? "तुम्हीच हसला असाल!" बाईंनी ती नोकरी सोडली आणि कानाला खडा लावला. लग्नबिग्न काही केलं नाही. वर आई असते, खाली दवाखाना. एवढाच त्यांचा संसार, आणि त्यात त्या सुखी आहेत. लोकांना मात्र एकटी बाई सुखी आहे म्हटलं की काहीतरी पाणी मुरतंय असं वाटतं.

पेशंट लाडात येतात, त्याचं बाईंना नवल नाही. ठणका थांबला की तो थांबवणारा माणूस देवासारखा वाटतो, आणि काहींची गाडी देवाच्याही पुढे जाते. एक ठेकेदार म्हणाला होता, "मास्कवरून नुसते डोळे दिसतात तुमचे, पण काय डोळे आहेत!" बाई म्हणाल्या, "तोंड मोठं उघडा." एका कॉलेजच्या पोराने फुलांचा गुच्छ आणला. बाई मला म्हणाल्या, "ताई, बाहेर ठेवा, सगळ्यांना वास येईल." पोरगं लाजून चूर. कुणाचा अपमान नाही, आवाज चढवणं नाही. बाईंच्या जागी मी असते तर ठेकेदाराची अक्कलदाढ त्याच दिवशी उपटली असती.

मग आले चष्मेवाले काका.

चौकातलं चष्म्यांचं दुकान त्यांचं. आता मुलगा बघतो, पण काका मागच्या खोलीत बसून फ्रेमा घासायचे, दांड्या सरळ करायचे. बायको जाऊन थोडेच दिवस झाले होते. उरलेसुरले दात हलत होते, ते बाईंनी काढले, हिरड्या भरू दिल्या आणि मग कवळी केली. उंच माणूस, इस्त्रीचा शर्ट, केसाला तेल. कवळी बसवल्यावर बाईंनी नेहमीप्रमाणे सांगितलं, "साठपासून सत्तरपर्यंत मोठ्याने मोजा." सगळ्यांनाच मोजायला लावतात. त्या आकड्यांत 'स' फार येतो आणि कवळी चुकली असेल तर तिथे शिट्टी वाजते. काका मोजत मोजत अडुसष्टपर्यंत आले आणि थांबले. म्हणाले, "डॉक्टर, याच्या पुढे मी नाही जाणार. तुमच्यासमोर वय वाढवायला जिवावर येतं." मी फिस्सकन हसले. बाई म्हणाल्या, "एकोणसत्तर म्हणा, काका. तिथे जीभ कुठे लागते ते मला बघायचंय."

आठवड्याने काका परत. "बसत नाही हो कवळी. इथे टोचते." बघितलं तर खरंच हिरडी लाल झालेली. बाईंनी कवळी थोडी घासून गुळगुळीत केली. नवीन कवळीत असं होतंच. पुढच्या आठवड्यात दुसरीकडे टोचायला लागली. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिसरीकडे. आणि दर वेळी शर्ट नवा, अत्तर जास्त. "तुमचा हात लागला की अर्धं दुखणं पळतं, डॉक्टर." "आज निळा रंग घातलात, चांगला दिसतो." बाई म्हणायच्या, "काका, बोललात की जीभ मध्ये येते." मी डोळे वटारून बघायचे, पण माझ्या डोळ्यांना कोण विचारतंय!

एकदा तर चक्क चष्म्याची फ्रेम घेऊन आले. स्वतः घडवलेली, मधाच्या रंगाची, इतकी सुरेख की मलाच हाव सुटली. "तुमच्या चेहऱ्याचं माप नुसत्या नजरेने घेतलंय," म्हणाले. बाईंनी हातही लावला नाही. म्हणाल्या, "मला चष्मा लागला की दुकानात येईन, सगळ्यांसारखं माप देईन. ही परत ठेवा." काकांचा चेहरा पडला. फ्रेम त्यांनी रुमालात गुंडाळली, घडी नीट बसेना म्हणून उलगडून पुन्हा गुंडाळली आणि खिशात घातली. राग होताच मला, पण तेवढ्यापुरता तो विरघळला, खोटं कशाला बोलू.

बाहेरच्या बाकांवर तोवर कुजबुज सुरू झाली होती. काका आले की बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या. "आले बघ, यांची कवळी काही बसत नाही!" मी बाईंना म्हटलं, "अहो, हा म्हातारा तुम्हाला बदनाम करणार. उद्यापासून मी सांगते वेळ नाही म्हणून." बाई म्हणाल्या, "हिरडीवर जखम खरी असते, ताई. जखम घेऊन आलेल्या माणसाला मी परत कसं पाठवू?" पण त्या दिवशी काका गेल्यावरही बाई विचारात होत्या. आणि पुढच्या खेपेला त्यांनी कवळी धुतली, दिव्याखाली धरली आणि धरूनच ठेवली.

मला जवळ बोलावून दाखवली. बाईंच्या यंत्राचं टोक गोल फिरतं, त्याच्या खुणा गोलसर उमटतात. पण कवळीच्या आतल्या कडेला बारीक, सरळ, एकाशेजारी एक रेघा होत्या. कानशीच्या. चष्म्याची फ्रेम घासतात ना, तसल्या बारीक कानशीच्या. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस घरी बसून स्वतःच्या कवळीला धार आणत होता, ती तोंडात घालून हिरडी सोलून घेत होता, आणि ती जखम घेऊन आमच्याकडे येत होता!

माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या. बाईंनी नुसती मान हलवून मला थांबवलं. खुर्ची सरळ केली, म्हणजे काका आडवे न राहता बसते झाले. स्वतः स्टूल जरा मागे घेतलं, मास्क खाली केला.

"काका, कवळी तुम्ही घासता," बाई म्हणाल्या. आवाज इतका हळू की बाहेर जाऊ नये.

काका खाली बघत राहिले. कवळी बाईंच्या हातात, त्यामुळे गाल आत गेलेले, हनुवटी नाकाकडे आलेली. एकदम दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते.

"घरी कुणासमोर काढत नाही मी ती," शेवटी म्हणाले. "सुनेसमोर नाही, मुलीसमोर नाही. खोलीचं दार लावून काढतो. बायको असती तर तिच्यासमोर काढली असती, ती हसली असती नि झालं असतं. आता माझं हे असं तोंड फक्त तुम्ही बघता, डॉक्टर. आणि बघून तोंड फिरवत नाही."

"ते माझं काम आहे, काका."

"काम म्हणून का होईना."

माझ्या काळजात चर्र झालं. बाईंनाही वाईट वाटलं होतं, ते मला कळलं. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही जन्मभर लोकांच्या चेहऱ्याला हात लावलात. कितीतरी बायकांच्या कानावरचे केस बाजूला करून दांडी बसवली असेल. त्यांतली एखादी दर आठवड्याला मुद्दाम दांडी वाकवून आली असती, तर तुम्ही काय केलं असतं?"

काकांनी खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "दुसऱ्या दुकानात पाठवलं असतं."

"मलाही तेच करायचंय. माझ्याबरोबर शिकलेले एक डॉक्टर आहेत, पुढच्याच रस्त्यावर. हात चांगला आहे, माणूसही चांगला आहे. मी त्यांच्याशी बोलून ठेवते. ही कवळी आता फार सैल झाली आहे, नवी लागेल. ती त्यांच्याकडून करून घ्या."

"आणि हे सगळं..."

"हे या खोलीत राहील. ताईही कुणाला सांगणार नाहीत." असं म्हणून माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी तिथल्या तिथे तोंडाला कुलूप घातलं. आणि माझ्यासारखीला ते किती जड जातं, माझं मलाच माहीत.

काका गेले. आम्हाला वाटलं, मिटलं. पण काका त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलेच नाहीत. बाईंनी त्या डॉक्टरांना फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, "कुणी आलं नाही बुवा." बाईंनी मग मला काकांना फोन करायला लावला, मी केला. "जातो, जातो," म्हणाले आणि ठेवून दिला.

आणि एके दिवशी भर सकाळी, दोन्ही बाकं भरलेली असताना, काकांची मुलगी दवाखान्यात शिरली. शाळेत शिकवते ती, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. हाताला धरून काकांना आणलेलं. मी काकांकडे बघितलं आणि चरकलेच. शर्ट नुसता खांद्यांवर टांगल्यासारखा. गळ्याजवळ दोन बोटं जातील एवढी जागा.

"कुठे आहेत तुमच्या डॉक्टर?"

बाई आतून आल्या, हातमोजे तसेच.

"ही कवळी तुम्ही केलीत ना? माझे बाबा चावू शकत नाहीत. पेज पिऊन जगतायत! भाऊ सांगतो, दर आठवड्याला इथे यायचे. दर आठवड्याला! चांगली कवळी असती तर कशाला यावं लागलं असतं? की तुम्हीच बोलवत होता? नवे शर्ट, अत्तर... आई जाऊन वर्ष नाही झालं हो! एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला नादी लावायला तुम्हाला लाज नाही वाटली?"

बाकावरच्या बायकांनी माना खाली घातल्या, पण कान टवकारलेले. एक आई आपल्या छोटीचा हात धरून उठलीसुद्धा, आणि दाराशी गेली.

माझा संयम सुटला. "अगं बाई, तुला माहीत आहे का, तुझ्या बापाने..." एवढं तोंडातून गेलं आणि बाईंनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की नंतर तिथे लाल झालं होतं. "ताई, आत जाऊन ट्रे लावा," म्हणाल्या. मी हलले नाही. पण बोललेही नाही.

बाई मुलीला म्हणाल्या, "तुमच्या वडिलांच्या उपचाराबद्दल ते परवानगी देतील तेवढंच मी बोलू शकते. सगळ्यांसमोर तर मुळीच नाही. त्यांना ताबडतोब नवी कवळी लागणार आहे, आणि ती कुणाकडून करायची ते मी त्यांना सांगितलेलं आहे."

"म्हणजे उत्तर नाही तुमच्याकडे!"

"आहे. पण ते माझं एकटीचं नाही."

"मी तक्रार करीन. डॉक्टरांची जी काही संस्था असते तिथे लिहीन. माझ्या शाळेतली एक बाई इथे पाय ठेवणार नाही, बघाच तुम्ही!"

बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मला माहीत होतं, त्यांना काय ऐकू येत होतं. तुम्हीच हसला असाल. इतकी वर्षं दार उघडं ठेवून, शब्द मोजून, फुलं बाहेर ठेवून शेवटी तेच ऐकायचं होतं का? एक वाक्य, फक्त एक वाक्य बोलल्या असत्या तर सुटल्या असत्या. मी मनात म्हणत होते, बोला हो बाई, बोला! पण त्या मिठाची गुळणी धरून उभ्या. आणि मला त्यांचा इतका राग आला, इतका अभिमान वाटला, की दोन्हीतलं नेमकं काय ते अजून मला सांगता येत नाही.

तेवढ्यात काका मुलीच्या हातातून हात सोडवून घेत म्हणाले, "थांब."

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका, तुम्हाला कळत नाही."

काकांनी बाकांवरच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं. शेजारच्या बायका होत्या, दुकानाचं गिऱ्हाईक होतं. मग त्यांनी तोंडात हात घातला आणि सगळ्यांदेखत कवळी बाहेर काढली. खालची, मग वरची. गाल आत गेले. ओठ आत गेले. मुलीच्या तोंडून "बाबा!" एवढंच निघालं आणि तिने झटकन मान भिंतीकडे वळवली.

"बघ," काका म्हणाले. शब्द पसरत होते, हवा सुटत होती, पण प्रत्येक शब्द कळत होता. "आतल्या रेघा बघ. माझ्या कानशीच्या आहेत. लहानपणी शेजारी बसून बघायचीस, ओळखशील. मीच घासली. इथे यायला मिळावं म्हणून. यांनी एकदासुद्धा मला बोलावलं नाही. उलट जा म्हणाल्या, दुसऱ्याकडे जा म्हणाल्या. मीच गेलो नाही. वाटलं, नव्या माणसापुढे पुन्हा हे तोंड कुठे उघडू. त्यापेक्षा पेज बरी."

कुणी हसलं नाही. हसलं असतं तर मी त्याला दवाखान्यात उभं केलं नसतं, पण हसलंच नाही कुणी. ती छोटीची आई दाराशी होती, ती तशीच थांबली.

बोलून बोलून काकांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली होती, हनुवटीवर आली होती. कवळीचे दोन्ही भाग दोन हातांत, त्यामुळे त्यांना ती पुसता येईना. माणूस असा उभा होता, सगळ्यांसमोर, आणि मुलगी भिंतीकडे बघत होती.

बाईंनी कोटाच्या खिशातून स्वच्छ कापसाचं फडकं काढलं. पेशंटचं तोंड पुसायला हात आपोआप जातो, दिवसातून कितीदा तरी जातो. त्या एक पाऊल पुढे झाल्या. मी बघत होते. मग त्या थांबल्या. वळल्या, आणि ते फडकं त्यांनी मुलीसमोर धरलं.

"तुम्ही पुसा," म्हणाल्या.

मुलगी बघतच राहिली. फडक्याकडे, मग बाईंकडे. काका गडबडीने शर्टाच्या बाहीत तोंड लपवायला लागले, "नको, नको, मी पुसतो, तू बघू नकोस गं." तिने फडकं घेतलं. दुसऱ्या हाताने त्यांची बाही खाली केली.

"इकडे बघा, बाबा," ती म्हणाली. आता तो शाळेतला आवाज नव्हता. "माझ्याकडे बघा."